शीथ काढली, आता पुढे? जांघेतलं आणि मनगटावरचं भोक कसं सांभाळायचं : नवीन स्टाफसाठी

कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत, काय झालं ते डॉक्टर बघून घेतात, पण पेशंट ट्रॉलीवरून आपल्या बेडवर आला की त्याच्या जांघेतलं किंवा मनगटावरचं ते भोक, जिथून धमनीत शीथ नावाची नळी घातलेली असते, ते आपलं. नवीन सिस्टर-ब्रदर कार्डियाक वॉर्डात आले की मॉनिटरला चिकटून बसतात, ईसीजी, सॅच्युरेशन, बीपी सगळं लिहितील, पण पांघरूण वर करून जांघ बघायला लाजतात. आणि अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीनंतर जी गडबड होते त्यातली बरीचशी त्या भोकाची असते, ती आधी हाताला कळते, मॉनिटरला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. ड्रेसिंग कोरडं दिसलं म्हणजे रक्त थांबलंय असं समजायचं नाही, ते बाहेर न येता आत कुठेतरी चाललेलं असू शकतं.

डोस आणि ऑर्डर तुमच्या युनिटच्या प्रोटोकॉलप्रमाणे, ड्यूटीवरचे डॉक्टर सांगतील तेच फायनल. मी इथे हाताचं काम सांगतेय.

पेशंट यायच्या आधी

कॅथलॅबमधून फोन येतो, "पाठवतोय हां पेशंट", आणि ठेवतात. ठेवू देऊ नका, तिथेच विचारा. कुठून केलंय, उजवी जांघ, डावी जांघ की मनगट? शीथ कितीची, ५, ६ की ७ फ्रेंच? एक फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिलिमीटर, म्हणजे ६ फ्रेंच आतून २ मिलिमीटर, पण तो आकडा शीथच्या आतल्या पोकळीचा असतो, धमनीला पडलेलं भोक त्याहून मोठं असतं, हे बऱ्याच जणांना कुणी सांगितलेलंच नसतं. एका दमात टोचलं की तीन-चारदा ट्राय करावं लागलं? हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) किती आणि शेवटचा डोस किती वाजता? टिरोफिबानसारखी, प्लेटलेट चिकटू न देणारी ड्रिप चालू आहे का? शीथ अजून आत आहे की काढली, की भोक बुजवणारं क्लोजर डिव्हाइस लावलंय?

गोव्यात अजून एक प्रश्न विचारायलाच हवा. काणकोण, वाळपई, पेडणे बाजूचा हार्ट अ‍ॅटॅकवाला पेशंट बऱ्याचदा जवळच्या सरकारी इस्पितळात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊन मगच बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजात पोचतो. योजना चांगली आहे, लांबच्या माणसाचा जीव त्याने वाचतो, पण त्या इंजेक्शननंतर थोड्या तासांत जांघेतून प्रोसिजर झाली असेल तर तो पेशंट जास्त रक्त सोडणार हे धरूनच चाला. टेनेक्टेप्लेस किंवा स्ट्रेप्टोकायनेज किती वाजता दिलं ते रेफरल कागदावर असतं, तो कागद बहुतेक वेळा नातेवाईकाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तळाला असतो, मागून घ्या.

आणि पेशंट आला की पहिल्या पाच मिनिटांत दोन्ही पायांच्या पल्स बघून ठेवा, पावलावरची आणि घोट्यामागची, लागली तिथे पेनाने छोटा क्रॉस करा. जुना डायबेटीस असलेल्या किंवा वर्षानुवर्षं बिडी ओढलेल्या माणसाची पल्स आधीपासूनच बारीक असते, सुरुवातीची नोंद नसेल तर रात्री दोनला "पल्स लागत नाही" म्हणून फोन केलात की डॉक्टर पहिलं हेच विचारणार, आधी लागत होती का.

कुणावर जास्त नजर ठेवायची? बायका, त्यातही बारीक चणीच्या वयस्कर, मग खूप लठ्ठ पेशंट, किडनीचा त्रास असलेले, बीपी चढं असलेले, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधीपासून घेणारे.

भोक नेमकं कुठे असतं

जांघेत आपल्याला हवी ती कॉमन फीमोरल धमनी, पायाकडे जाणारी मोठी. तिच्या मागे मांडीच्या हाडाचा गोळा असतो, म्हणून तिथे दाबलं तर धमनी हाड आणि बोटं यांच्यामध्ये चेपली जाते. त्याच्या वर टोचलं गेलं तर मागे दाबायला हाड नाही, रक्त थेट पोटाच्या मागच्या जागेत जातं. खाली टोचलं गेलं, धमनी जिथे फाटे फुटून दोन होते त्याच्याखाली, तर तिथेही नीट दाबलं जात नाही आणि मग स्यूडोअ‍ॅन्युरिझम, नाहीतर शेजारच्या शिरेशी भलतंच जोडलं जाणं, असले प्रकार होतात, त्यांचं पुढे येईलच. जांघेची घडी बघून जागा ठरवू नका, लठ्ठ माणसात ती बरीच खाली सरकलेली असते.

दुसरी गोष्ट, सुई तिरकी जाते. म्हणजे कातडीवरचं भोक आणि धमनीवरचं भोक एकावर एक नसतात, धमनीवरचं एक-दोन सेंटिमीटर वर, बेंबीच्या दिशेला असतं. नवीन माणूस दिसणाऱ्या भोकावर बोट ठेवून जोर लावतो, बाहेरून रक्त थांबतं, आत गाठ फुगत राहते. प्रेशर द्यायचं ते वरच्या भोकावर.

शीथ काढताना

आधी एसीटी, म्हणजे रक्त गोठायला किती सेकंद लागतात ती तपासणी. बहुतेक युनिटमध्ये १५० ते १८० सेकंदांच्या खाली आल्याशिवाय शीथ काढत नाहीत, तुमचा आकडा विचारून घ्या. बीपी बघा, वरचा आकडा १६०-१७० असेल तर आधी डॉक्टरांना सांगून तो खाली आणायचा, चढ्या बीपीवर दाबत बसलात तर तुमचे हात थकतील, रक्त थांबणार नाही. लघवी करून घ्यायला सांगा, भरलेल्या ब्लॅडरने पेशंट चुळबुळतो आणि बीपीही चढतं. आयव्ही लाइन चालू आहे ना ते सलाइन सोडून बघा, नुसती दिसतेय म्हणून विश्वास ठेवू नका. पल्स एकदम पडली तर लागणारं अ‍ॅट्रोपिन हाताशी.

मग स्वतःची सोय. बेड खाली घ्या किंवा स्टूलवर उभ्या राहा, कोपर सरळ, वजन खांद्यावरून खाली आलं पाहिजे, मनगटाच्या जोरावर वीस मिनिटं कुणालाच जमत नाही. गॉजचा जाडजूड गठ्ठा ठेवायचा नाही, एक-दोन पदर पुरेत, जाड गठ्ठ्याखाली रक्त चाललंय की नाही ते दिसत नाही आणि जोरही भलतीकडे पसरतो.

पल्स बोटाखाली आली की शीथ सावकाश बाहेर, आणि लगेच दोन-तीन बोटांनी वरच्या जागेवर दाब. पहिली दोन-तीन मिनिटं घट्ट. नंतर एवढंच सैल करायचं की पावलाची पल्स दुसऱ्या कुणाला तरी लागेल, पण भोकातून थेंब येणार नाही. पूर्ण वेळ पाय पांढरा पडेपर्यंत दाबून धरणं हे शौर्य नाही, त्याने आत गुठळी होते. एकूण वेळ ६ फ्रेंचला साधारण पंधरा ते वीस मिनिटं, फ्रेंचमागे तीन मिनिटं असा एक ढोबळ हिशोब जुने लोक सांगतात तो बरा आहे, लायटिक, म्हणजे ते गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळालेल्या पेशंटला त्याहून जास्त. आणि मधेच उचलून बघायचं नाही! पाच मिनिटांनी "थांबलं का बघू" म्हणून बोट काढलं की आत नुकती धरलेली गुठळी निघते, घड्याळ परत शून्यावर.

हे चालू असताना पेशंटच्या तोंडाकडे बघा. जांभई द्यायला लागला, कपाळावर घाम, "मळमळतंय" म्हणाला, मॉनिटरवर पल्स ८० वरून ४५, तर तो व्हेगल, म्हणजे दुखण्या-घाबरण्याने व्हेगस नस चाळवून पल्स आणि बीपी एकदम पडणं. हात सोडायचा नाही, जोर किंचित कमी करायचा, ओरडून मदत बोलवायची, पाय वर, सलाइन फुल, आणि ऑर्डरप्रमाणे अ‍ॅट्रोपिन, आपल्याकडची अँप्युल ०.६ मिलिग्रॅमची असते. दोन-तीन मिनिटांत माणूस परत गप्पा मारायला लागतो. व्हेगलमध्ये बीपी पडतं पण पल्सही हळू होते, रक्तस्रावात बीपी पडतं आणि पल्स धावते. आता यात एक मेख आहे, पेशंट मेटोप्रोलॉलसारख्या, पल्स हळू ठेवणाऱ्या गोळीवर असेल तर रक्त गेलं तरी पल्स धावत नाही. आणि हार्टचे पेशंट म्हणजे निम्म्याहून जास्त त्याच गोळीवर.

पहिले सहा तास

पहिला तास दर पंधरा मिनिटांनी, पुढचे एक-दोन तास दर अर्ध्या तासाने, मग तासाला एकदा. पाय सरळ, डोकं तीस अंशाच्या वर नाही, उशीवरून मान उचलून मोबाइल बघणंसुद्धा नको कारण मान उचलली की पोट आवळतं आणि जांघेवर ताण येतो. खोकला किंवा शिंक आली तर स्वतःच्या हाताने जागा दाबायला शिकवा.

दर वेळी काय करायचं? बघायचं, चाचपायचं, आणि खाली हात घालायचा. हे तिसरं कुणी करत नाही. पेशंट उताणा असतो, रक्त उताराने मागे जातं, वरून ड्रेसिंग पांढरंशुभ्र आणि नितंबाखाली चादर भिजलेली. ग्लोव्ह घालून हात कमरेखालून फिरवा.

बायकांच्या बाबतीत पडदा ओढा, नर्स सिस्टरच असू द्या, आधी सांगा की "मावशी, फक्त पट्टी बघते हां". आपल्याकडच्या वयस्कर बायका गाऊन घट्ट धरून ठेवतात आणि "सगळं बरं आहे गो" म्हणतात, त्या बरं आहे म्हणाल्या म्हणून पुढच्या बेडकडे जायचं नाही. चड्डीचं इलॅस्टिक किंवा परकराची नाडी भोकावरून जात असेल तर ती सोडवा, खाली गाठ आली तरी तिच्यामुळे कळत नाही.

वाळूची पिशवी. अजूनही पुष्कळ ठिकाणी ठेवतात, काढल्यावर पेशंटचे नातेवाईक रागावतात की काळजी घेत नाही म्हणून. तिने रक्तस्राव कमी होतो असं अभ्यासात दिसलेलं नाही, उलट पिशवी आहे म्हणून खाली कुणी बघत नाही. युनिटचा नियम असेल तर ठेवा, पण दर वेळी उचलून बघा.

गाठ आली तर

हिमॅटोमा, म्हणजे आत साठलेल्या रक्ताची गाठ, हा सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार. चाचपून बघा, पिकलेल्या मानकुरादसारखं मऊ लागतं की कच्च्या कैरीसारखं टणक. मऊ, निळंजांभळं, पसरट, दुखणं फार नाही, तर बहुतेक ते नुसतं कातडीखाली झिरपलेलं रक्त. टणक, वाढणारं, दाबल्यावर पेशंट कळवळतो, तर लगेच हाताने प्रेशर, आणि दुसऱ्या कुणीतरी डॉक्टरांना फोन. आपण स्वतः प्रेशर सोडून फोन शोधायला जायचं नाही.

प्रेशर देताना गाठ सपाट करायचा प्रयत्न करा, पुष्कळदा ती हाताखाली मऊ होत जाते. थांबल्यावर गाठीच्या कडेने पेनाने रेघ आणि शेजारी वेळ. मार्करने, बॉलपेनने नाही, स्पिरिट लागलं की बॉलपेन पुसतं. पुढच्या ड्यूटीवाल्याला "थोडी सूज होती" हे वाक्य काही सांगत नाही, "चार वाजता रेघेत होती, पाचला दोन बोटं बाहेर" हे सांगतं. हिमोग्लोबिन पाठवा, पण पहिल्या रिपोर्टवर निवांत होऊ नका, रक्त गेल्या गेल्या आकडा पडत नाही, काही तासांनी पडतो, म्हणून परत पाठवायचं.

पेशंट घरी गेल्यावर दोन-चार दिवसांनी निळेपणा मांडीवरून गुडघ्यापर्यंत उतरतो, पुरुषांमध्ये अंडकोषापर्यंत, आणि घरचे घाबरून फोन करतात. मऊ असेल, वाढत नसेल तर ते जुनं रक्त खाली उतरतंय, हिरवं-पिवळं होऊन जाईल. हे डिस्चार्जच्या वेळीच सांगून टाकलं की तुमचा फोन कमी वाजतो.

पाठ दुखते म्हणाला की

इथे थोडं थांबून वाचा. रेट्रोपेरिटोनियल ब्लीड, म्हणजे पोटाच्या मागच्या पोकळीत होणारा रक्तस्राव. कमी पेशंटना होतो, पण जीव घेणारा हाच. त्या जागेत लिटरच्या वर रक्त मावतं आणि बाहेर एक थेंब दिसत नाही.

फोंड्याकडच्या एक मावशी होत्या, बारीक चणीच्या, उजव्या जांघेतून स्टेंट. संध्याकाळी पाठ दुखते म्हणायला लागल्या. सून म्हणाली हा बेडच कडक आहे, बाम चोळू का. ड्रेसिंग कोरडं, जांघेत गाठ नाही, पल्स ७२. बीपी दुपारी १३० होतं, मग ११४, मग ९८, आणि प्रत्येक आकडा एकटा बघितला तर चालण्यासारखाच. आमची एक ज्युनियर मुलगी, नुकती लागलेली, ती म्हणाली सिस्टर, ह्या सारखा उजवा गुडघा वर घेतायत, सरळ करायला सांगितलं की करतात आणि परत घेतात. तेच ते. मागे रक्त साठलं की मांडी वाकवून ठेवल्यावर बरं वाटतं, सरळ केली की कळ येते. उजव्या कुशीत खाली दाबलं तर ओरडल्या. मेटोप्रोलॉल चालू होती म्हणून पल्स गप्प. सीटीमध्ये भरपूर रक्त निघालं. रक्त चढवलं, हेपारिन उतरवलं, आणि त्या चालत घरी गेल्या.

तर जांघेतून प्रोसिजर झालेला पेशंट पाठ, कूस, ओटीपोट किंवा कंबर दुखते म्हणाला आणि बीपी उतरणीला लागलंय, तर तो दुसरं काही सिद्ध होईपर्यंत रेट्रोपेरिटोनियल ब्लीड. बाम नाही, पेनकिलर देऊन झोपवणं नाही. दोन जाड कॅन्युला, सलाइन, ब्लड ग्रुप आणि क्रॉसमॅच, हिमोग्लोबिन, आणि डॉक्टरांना फोनवर "बीपी थोडं कमी आहे" असं पुळचट न सांगता सरळ "जांघेतून केलेला पेशंट, पाठीत कळ, बीपी १३० वरून ९८" असं सांगायचं. पुढचं डॉक्टर ठरवतील, सीटी लागतं कारण साध्या सोनोग्राफीत मागचं रक्त सुटून जाऊ शकतं, हेपारिन उतरवायला प्रोटामिन, १०० युनिट हेपारिनला साधारण १ मिलिग्रॅम हा हिशोब, पण ताजा स्टेंट असतो म्हणून तो निर्णय त्यांचाच, आणि थांबलं नाही तर कव्हर्ड स्टेंट नाहीतर सर्जन. कुशीवर निळसर डाग येतो असं पुस्तकात असतं, तो खूप उशिरा येतो, त्याची वाट बघायची नाही.

दुसऱ्या दिवशी धडधडणारी गाठ

स्यूडोअ‍ॅन्युरिझम म्हणजे धमनीचं भोक बुजलेलं नाही आणि बाहेर रक्ताची एक पिशवी तयार झालीय जी धमनीशी अजून जोडलेली आहे. जांघेत गाठ, हाताला धडधड लागते, दुखते, स्टेथोस्कोप ठेवला तर फुसफुस ऐकू येते. हो, जांघेवर स्टेथोस्कोप ठेवायचा, डिस्चार्जच्या आधी प्रत्येकाच्या. अर्धं मिनिट लागतं.

डॉपलर केली की निदान होतं, त्यात रक्त पिशवीच्या मानेतून, म्हणजे धमनीशी जोडणाऱ्या अरुंद वाटेतून, आत-बाहेर करताना दिसतं. दोन सेंटिमीटरपेक्षा लहान आणि वाढत नसेल तर पुष्कळदा आपोआप बंद होते, आठवड्याने परत डॉपलर. मोठी असेल तर सोनोग्राफीखाली बघत त्या पिशवीत रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनचं इंजेक्शन देतात, बहुतेकांचं त्यातच काम होतं. प्रोबने दाबून बंद करायची पद्धतही आहे पण ती पेशंटला आणि दाबणाऱ्याला दोघांनाही जीव नकोसा करते. भराभर वाढणारी, वरची कातडी काळी पडत चाललेली, इन्फेक्शन झालेली, पाय गार पडलेला, असं असेल तर व्हॅस्क्युलर सर्जन. वॉर्डात आपण काय करायचं नाही तर ती गाठ चोळायची नाही, शेक द्यायचा नाही, आणि फोड समजून कुणाला सुई घालू द्यायची नाही. शेवटचं गमतीत लिहिलेलं नाही.

एव्ही फिस्टुला म्हणजे धमनी आणि शेजारची शीर यांच्यात वाट पडणं. हाताला सतत झिणझिण लागते, आवाजही सतत येतो, मधे थांबत नाही. बरेच लहान फिस्टुला नुसतं लक्ष ठेवून काही महिन्यांत बंद होतात. नोंद करा, डॉक्टरांना दाखवा.

पाय गार, पांढरा, बधिर, दुखतोय आणि आधी क्रॉस केलेल्या जागी पल्स नाही, तर धमनी बंद झालीय. बोटं हलवता येत नाहीत ही खूण उशिराची. तासांचा हिशोब असतो, त्याच क्षणी फोन. पाय गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका, बधिर पाय भाजतो आणि कळत नाही.

मनगटातून केलं असेल तर

हल्ली बहुतेक केसेस मनगटातूनच. मॉन्ट्रियलच्या ल्युसियां कॅम्पो यांनी १९८९ मध्ये मनगटातून अँजिओग्राफीचे निकाल छापले, आणि जांघ व मनगट यांची तुलना करणाऱ्या २०११ च्या रायव्हल ट्रायलमध्ये सात हजारांवर पेशंट होते, त्यात भोकाच्या जागेच्या मोठ्या भानगडी जांघेत ३.७ टक्के आणि मनगटात १.४ टक्के निघाल्या. पेशंटलाही बरं, उठून बसतो, पेज पितो. पण म्हणून मनगटवाल्याकडे बघायचंच नाही असं नाही.

मनगटाच्या भोकावर हवा भरून बांधतात तो टीआर बँड, त्यात हवा साधारण १३ ते १५ मिली, जास्तीत जास्त १८. बँडची सिरिंज पेशंटबरोबरच ठेवा, साधी सिरिंज बसत नाही आणि ऐन वेळी शोधाशोध होते. बँड लावल्यावर बघायचं की रक्त थांबलंय पण धमनी बंद झालेली नाही. पल्स ऑक्सिमीटर त्याच हाताच्या अंगठ्याला किंवा पहिल्या बोटाला लावा, करंगळीच्या बाजूची धमनी दाबा, मॉनिटरवर लाट राहिली तर मनगटातली चालू आहे. लाट सपाट झाली तर थोडी थोडी हवा काढा, लाट परत येईल आणि रक्तही येणार नाही अशा जागी थांबा. एवढं केलं नाही तर धमनी कायमची बंद पडू शकते, पेशंटला तेव्हा कळत नाही, पुढच्या वेळी त्या हातातून जाता येत नाही तेव्हा कळतं. तास-दोन तासांनी दर पंधरा मिनिटांनी २-३ मिली हवा कमी करत जायचं. रक्त आलं तर तेवढी परत भरा, अर्धा तास थांबा. सगळी हवा एकदम काढून बँड ओढायचा नाही, ड्यूटी संपत आली असली तरी.

बँड नीट आहे आणि हाताचा वरचा भाग सुजतोय, हे जास्त फसवं. आत वायर जाताना एखादी बारीक फांदी फुटलेली असते, भोकापासून लांब, त्यामुळे बँड घट्ट करून काही होत नाही. सूज जिथे आहे तिथे प्रेशर द्यायचं, बीपीचा कफ तिथेच गुंडाळून वरच्या बीपीपेक्षा थोडं खाली फुगवतात, डॉक्टर सांगतील तेवढा वेळ, अधूनमधून सोडत. सूज पाच सेंटिमीटरच्या आत आहे, दहापर्यंत गेली, की कोपराच्या वर चढली, हे रेघ मारून लिहा. हात दगडासारखा ताठ, बोटं सरळ करायला गेलं की ओरडतो, मुंग्या, तर कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे सुजेने आत दाब वाढून स्नायूंचं रक्त अडणं, सर्जन लगेच, पल्स लागतेय म्हणून धीर धरायचा नाही.

त्या हाताला त्या दिवशी बीपीचा कफ नको, सुई नको. बेडवर पाटी लावा, नाहीतर सॅम्पल घेणारा येऊन टोचून जातो.

घरी पाठवताना

इंग्रजीत छापलेला कागद हातात देऊन भागत नाही. पेशंट कोकणीत बोलतो, कागद कुणी वाचत नाही, तर तोंडी सांगा आणि घरातल्या एकाला तरी परत म्हणून दाखवायला लावा.

जांघवाल्यांना आठवडाभर वजन उचलायचं नाही, चार-पाच किलोच्या वर काही नाही. म्हणजे काय ते त्यांच्या भाषेत, विहिरीतून कळशी ओढायची नाही, गॅसचा सिलिंडर सरकवायचा नाही, नातवाला उचलायचं नाही. आडोळीवर बसून नारळ खवायचा नाही, हे मी मुद्दाम सांगते कारण बायका घरी पोचल्या पोचल्या तेच करतात, उकिडवं बसणं आणि हाताला जोर दोन्ही एकदम, म्हणजे जांघवालीलाही वाईट आणि मनगटवालीलाही. चवथ (गणेशचतुर्थी) जवळ असेल तर पुरुषांना गणपतीच्या वर टांगायची माटोळी बांधायला स्टुलावर चढू नका हे सांगावं लागतं, आणि ते ऐकत नाहीत, म्हणून बायकोसमोर सांगा. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर चार दिवस कमोड खुर्ची, किक मारायची बाइक नको, स्कूटरसुद्धा डॉक्टर सांगतील तेव्हाच. ड्रेसिंग दुसऱ्या दिवशी काढून जागा कोरडी ठेवायची, शॉवर चालतो पण नदी, तळी, समुद्र आठवडाभर नाही. पावसाळ्यात ओली पट्टी अंगावर ठेवण्यापेक्षा काढून टाकलेली बरी. हळद, खोबरेल, बाम काही लावायचं नाही.

घरी रक्त आलं तर लगेच आडवं व्हायचं, दुसऱ्या कुणीतरी भोकाच्या थोडं वर, मनगट असेल तर भोकावरच, सलग दहा मिनिटं दाबायचं. धार असेल तर दहा मिनिटांची वाट न बघता दाबत दाबतच १०८ ला फोन. आणि दोडामार्ग, कारवार, काणकोणकडच्या लोकांना स्पष्ट सांगा की अशा वेळी बांबोळी गाठायच्या नादात जवळचं इस्पितळ ओलांडायचं नाही, मडगाव, म्हापसा, फोंडा जे जवळ असेल तिथे आधी. स्वतः गाडी चालवत तर अजिबात नाही.

गाठ वाढली, धडधडायला लागली, पाय किंवा हात गार पडला, चक्कर, पाठीत कळ, तर त्याच दिवशी या. ताप, लाली, पू हे तीन-चार दिवसांनी किंवा त्याच्याही नंतर येऊ शकतं, क्लोजर डिव्हाइस लावलेल्यात विशेष लक्ष, कारण आत परकी वस्तू असते आणि तिथलं इन्फेक्शन धमनीपर्यंत जातं. घरातल्या क्रीमवर भागवायचं नाही.

आणि निळं पडलं म्हणून घाबरून अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर आपल्या मनाने बंद करायची नाही, शेजारी काहीही सांगो. ताजा स्टेंट असताना गोळी बंद केली तर स्टेंटमध्येच गुठळी होऊन परत अ‍ॅटॅक येतो. गोळ्यांच्या पाकिटावर मार्करने "डॉक्टरना विचारल्याशिवाय बंद नाही" असं लिहून द्या. क्लोजर डिव्हाइस लावलं असेल तर त्याचं छोटं कार्ड मिळतं, ते फाइलमध्ये न लावता पाकिटात ठेवायला सांगा, अँजिओ-सीलसारख्या डिव्हाइसमधला कोलॅजेनचा तुकडा विरघळायला ६० ते ९० दिवस जातात आणि तेवढ्यात परत प्रोसिजर लागली तर पुढच्या माणसाला ती जागा टाळून टोचता यायला हवं.